कोऱ्या नमुन्याची साक्ष



रासायनिक विश्लेषकांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने साऱ्या शास्त्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच तंत्राबद्दल बोलणार आहे. सिल्व्हर नायट्रेटने माझी बोटे ज्याच्यापायी वर्षानुवर्षे काळी पडत आली, ते पृष्ठवर्धित रामन वर्णपटमितीचे तंत्र, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले ‘सर्स’.

रामन आणि कृष्णन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जो परिणाम पाहिला, त्यात रेणूवरून विखुरलेला प्रकाश त्या रेणूच्या कंपनांची खूण घेऊन परततो. पण कोटभर प्रकाशकणांमागे जेमतेम एखादा ही खूण आणतो. चमचाभर पदार्थ हाताशी असेल तर तेवढ्यावर भागते. पाण्यात विरलेले कीडनाशक शोधायचे तर हाती काही लागत नाही. तोच रेणू चांदीच्या किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणावर बसला की चित्र पालटते. प्रकाशामुळे धातूतले इलेक्ट्रॉन एका लयीत डोलू लागतात आणि कणाच्या अंगालगतचे विद्युतक्षेत्र वाढते. ते दहापट झाले तर रामन संकेत सुमारे दहा हजारपट होतो, कारण पडणारा आणि परतणारा असा दोन्ही प्रकाश वाढतो. दोन कणांमधल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत ही वाढ आणखी कितीतरी मोठी. तिथे अडकलेला रेणू मोठ्याने बोलतो. पाच-दहा नॅनोमीटर लांबचा जवळजवळ गप्प असतो.

चांदीचे हे कण करणे वरकरणी सोपे आहे. ली आणि मायझेल यांनी १९८२ मध्ये दिलेली कृती आजही अनेक प्रयोगशाळांत चालते. सिल्व्हर नायट्रेटचे पाणी उकळायचे, त्यात सोडियम सायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचे, तासभर उकळी टिकवायची. पाणी आधी पिवळसर होते, मग गढूळ, हिरवट राखाडी. त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब पडला की कण एकमेकांजवळ येतात आणि संकेत उसळतो. थेंब जास्त झाला, किंवा मोजायला उशीर झाला, की चांदी तळाशी बसते. ज्या फटींवर सगळा डोलारा उभा, त्या अशा क्षणाक्षणाला बदलत असतात.

या तंत्राचा जन्मही लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९७४ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड खरबरीत करून त्यावर पिरिडिन बसवले. संकेत जोरदार आला. पृष्ठभाग वाढला म्हणून रेणूही जास्त बसले, असे त्यांना वाटले. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन डाइन यांनी, तर इंग्लंडात अल्ब्रेक्ट आणि क्राइटन यांनी स्वतंत्रपणे हिशेब मांडला. रेणू तेवढे नव्हतेच. संकेत लाखपट ते दहा लाखपट वाढला होता. मोजमाप पहिल्यांनीही चोख केले होते. आकडा कशामुळे आला, हे मात्र दुसऱ्यांनी विचारले. हा प्रश्न विचारणे हेच आपले काम आहे, असे मी मानतो.

पुढे काय काय झाले! १९९७ मध्ये एकेकट्या रेणूचा वर्णपट मिळाला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये रन्वारचे १८८३ चे ‘मादाम लेआँ क्लापिसाँ’ हे चित्र आहे. त्याची पार्श्वभूमी फिकी पडली होती, पण चौकटीखाली झाकलेल्या कडेला मूळ लाल रंग शिल्लक होता. तिथल्या इवल्याशा कणात सर्सने कोचिनील किड्यांपासूनचा कार्माइन ओळखला. हे वाचले त्या दिवशी मी फार आनंदात होतो.

आता माझ्या हातून होता होता राहिलेली चूक सांगतो. द्राक्षाच्या सालीवर थायरम हे बुरशीनाशक शोधत होतो. १३८० प्रति सेंटिमीटरला उंच, सरळ शिखर आले, हेच थायरमचे शिखर. अहवाल लिहायला घेतला. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने द्राक्षाविना नुसत्या शुद्ध पाण्याचा कोरा नमुना लावून पाहिला. तेच शिखर, तितकेच उंच! दोन दिवस आम्ही एकेक वस्तू वगळत गेलो. दोष निघाला ड्रॉपरच्या रबरी टोपीत. आपल्याकडे शेतकरी पेरणीआधी जे थायरम बियाण्याला चोळतो, तेच रबर पक्के करतानाही वापरतात. शिवाय चांदीवर बसताच थायरममधला गंधक-गंधक बंध तुटतो, आणि उरणारा तुकडा झायरमपासूनही मिळतो. म्हणजे शिखर खरे असले, तरी त्यावरून एकच नाव घेणे घाईचे होते.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशांमुळे युरोपने आपली द्राक्षे नाकारली, तेव्हा बागायतदारांवर काय ओढवले हे आपण पाहिले आहे. आपल्या एका आकड्यावर कुणाचे वर्षभराचे उत्पन्न टांगलेले असते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. सर्सचे हातात मावणारे यंत्र बागेत जरूर न्यावे. काढणीआधी काही मिनिटांत संशयित घड वेगळे काढायला त्याच्यासारखे साधन नाही. पण माल नाकारायचा निर्णय वस्तुमान वर्णपटमापकाच्या निकालाशिवाय कुणीही देऊ नये. २०२० मध्ये युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांनी एकाच अ‍ॅडेनिनवर आपापली सर्स मोजमापे ताडून पाहिली. तसा एकत्र प्रयोग आपल्या प्रयोगशाळांनी याच वर्षी हाती घ्यावा. चांदीचे द्रावण एकाच घाण्याचे वाटून द्यायची जबाबदारी मी घेतो.

उद्या सकाळच्या सत्रात सर्सवर निबंध वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. नमुन्याचा आलेख पडद्यावर आणण्याआधी कोऱ्या नमुन्याचा आलेख दाखवा, आणि तो त्याच मापपट्टीवर दाखवा. वेळ अपुरा पडला तर माझ्या समारोपाची दहा मिनिटे त्यासाठी घ्या.