मोटारींतील खर्ज आणि ओहमचें गणित



संध्याकाळीं जालन्याच्या गांधी चमनपाशीं घटकाभर उभें राहिलें, म्हणजे एखादी मोटार दृष्टीस पडण्यापूर्वींच तिचा खर्ज छातींत जाणवूं लागतो. हा घनगंभीर स्वर काढतो मोटारीच्या मागील पेटींतला सबवूफर, आणि त्याला बळ पुरवितो अँप्लिफायर. डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला व जालना त्या वाटेवर आलें. लांबच्या प्रवासांत चांगलें संगीत सोबतीस असावें असें घरांतील तरुणांस वाटलें, तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु पत्रिका न पाहतां या दोघांची सोयरीक जुळविली, तर हजारों रुपयांचें यंत्र एका रात्रींत जळून जातें. ती पत्रिका कशी पाहावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

घाणेवाडीच्या तलावाचें पाणी पंपावांचून, केवळ उताराच्या जोरावर जालन्याकडे आणण्याची योजना आपणांपैकीं अनेकांस ठाऊक आहे. तलावाची उंची तो विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट. वाहणारें पाणी तो प्रवाह, म्हणजे अँपिअर. आणि तोटीचा अरुंदपणा तो रोध, म्हणजे ओहम. दाब तोच ठेवून रोध निम्मा केला, कीं प्रवाह दुप्पट होतो, हा नियम जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडला. संगीताचा प्रवाह क्षणोक्षणीं दिशा बदलतो. म्हणून सबवूफरच्या बाबतींत या रोधास इंपीडन्स म्हणतात. मात्र मोजमाप ओहममध्येंच होतें.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. रोध कमी म्हणजे यंत्रावर भार कमी, असें वाटतें. खरें तें नेमकें उलट. चार ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले, म्हणजे एका टाकीस दोन तोट्या लावल्या. एकूण रोध दोन ओहम होतो व अँप्लिफायरला दुप्पट प्रवाह द्यावा लागतो. तेच दोन एकसर, म्हणजे एकामागून एक जोडले, तर रोध आठ ओहम होतो व यंत्र निवांत चालतें. कांहीं सबवूफरांत चार ओहमच्या दोन कॉइली असतात. असे दोन घेतल्यास चार कॉइली हातीं येतात. त्या साऱ्या समांतर जोडल्या, तर रोध अवघा एक ओहम उरतो. प्रत्येकांतील दोन कॉइली एकसर करून मग दोन्ही सबवूफर समांतर जोडले, तर तो चार ओहम भरतो. माल तोच, तारा त्याच. फरक केवळ जोडणीचा! आपल्या अँप्लिफायरवर किमान किती ओहम चालतील तें छापलेलें असतें. त्या आंकड्याखालीं जाऊं नये. दोन चॅनल ब्रिज करून वापरले, तर प्रत्येक चॅनलच्या वाट्यास निम्माच रोध येतो, हेंही विसरूं नये.

मग वॅटचें काय? पेटीवरील मोठ्या अक्षरांतील कमाल आंकडा बाजूस ठेवावा व आर.एम.एस. या नांवाखालीं दिलेली शक्ति पाहावी. ठरलेल्या ओहमवर अँप्लिफायर जेवढे वॅट देतो, तेवढेच सबवूफर सोसूं शकतो, हें जुळलें कीं सोयरीक झाली. दुबळें यंत्र सतत पूर्ण जोरावर चालविलें, तर त्याच्या ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. स्वर फाटतो आणि कॉइल तापते.

आतां मुख्य गोष्ट. रोध निम्मा करून शक्ति दुप्पट केली, तरी आवाज वाढतो तो केवळ तीन डेसिबेल. कानास जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटावा, यासाठीं सुमारें दहापट शक्ति लागते. म्हणजे कळे-न-कळे अशा फरकासाठीं आपण सारें यंत्र पणाला लावतों!

शिवाय बॅटरीचाही विचार हवा. सहाशें वॅट बाहेर काढणारा अँप्लिफायर सुमारें आठशें वॅट आंत घेतो; मोटारीच्या साडेतेरा व्होल्टांवर हा प्रवाह साठ अँपिअरच्या घरांत जातो. तार त्या मानानें जाड हवी, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आंत फ्यूज हवाच. मोटारीचा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असतो. फ्यूजवांचून गेलेली तार पत्र्यावर घासून उघडी पडली, तर ती लाल होऊन गाडी पेटावयास वेळ लागत नाहीं. हा फ्यूज मुख्यतः तारेच्या रक्षणासाठीं असतो. त्याच्या जागीं जाड तार गुंडाळणें म्हणजे पहारेकऱ्यास झोपविणें होय.

आणि शेजाऱ्यांचें काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी वस्तीसाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळीं सहा. खर्ज भिंतींनाही सहज अडत नाहीं, हें आजारी माणसाच्या घरीं विचारावें.

म्हणून घरांतील मुलगा दुकानीं निघाला, तर त्याला अडवूं नका. कागदावर जोडणीची आकृति काढावयास सांगा. एकूण ओहम किती, अँप्लिफायरची मर्यादा किती, फ्यूज कोठें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें तयार असलीं, तर पैसे खुशाल द्या. नसलीं, तर ते गल्ल्यांतच बरे.