डोक्याचा मार

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरच्या केतकीपाड्यात दहीहंडीच्या सरावात ११ वर्षांचा एक मुलगा वरच्या थरावरून पडला आणि डोक्याला मार लागून दगावला. १४ वर्षांखालील मुलांना थरावर चढू देणार नाही, अशी हमी राज्य सरकारने २०१७ सालीच उच्च न्यायालयात दिली होती. पण पोर हलकं, चटकन वर जातं; म्हणून मोठी माणसंच त्याला पुढे करतात.

मेंदू लोण्यासारखा मऊ. कवटीतल्या पाण्यात तो तरंगत असतो. डोकं आपटलं की आतल्या आत हाडावर आदळतो. हेल्मेटने कवटी वाचते, पण आतला हिसका पुरता थांबत नाही. अमेरिकेतल्या फुटबॉलात धडका मारून गडी पाडतात. वर्षानुवर्षे असा मार खाल्लेल्या कित्येक खेळाडूंची पुढे स्मृती ढासळली, स्वभाव पालटला.

तेव्हा गुरुजी, पडलेल्या मुलाला ओकारी झाली, गुंगी आली, डोकेदुखी वाढली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर तडक दवाखाना गाठा. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत खेळू देऊ नका. पहिला मार भरून येण्याआधीचा दुसरा मार फार वाईट.

हंडी दोन हात खाली बांधली आणि वर मोठा गडी चढला, तर सण काही बुडत नाही.