आधी तुम्ही

सायखेड्याहून चांदोरीला जायचं तर मध्ये गोदावरी लागते. वरून धरणाचं पाणी सुटलं की पाणवेली वाहत येतात आणि पुलाला अडकतात. 2016 च्या आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी सायखेड्यात शिरलं होतं. पाण्याची वाट अडली की काय होतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. माणसाची वाट अडवताना मात्र आपण फारसा विचार करत नाही.

एक कबुली देतो. तीसेक वर्षांपूर्वी संध्याकाळी मी मोटारसायकलवरून येत होतो. पुढं एक अरुंद मोरी होती. समोरून सायकलवर दूधवाला आला, दोन्ही बाजूंना किटल्या. मोरीवर तो माझ्याआधी चढला होता. मी हॉर्न दिला, वेग मात्र कमी केला नाही. तो कठड्याकडं सरकला, तोल गेला आणि पाय मोडला. माणसं जमली, पण हात कुणी लावेना. ‘पोलिसांचं लचांड कोण मागं लावून घेणार?’ शेवटी उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याला उचललं. पुढं मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही हॉर्न दिला, मला वाटलं थांबताय.” माझ्या हॉर्नचा अर्थ होता ‘बाजूला हो’. त्याला ऐकू आलं ‘तू ये’. दोघांची भाषाच वेगळी होती.

वाहतुकीचा नियम म्हणजे अशी एक सामायिक भाषा. देशात 2017 सालचे वाहन चालवण्याचे विनियम आहेत. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर चढावरच्या गाडीला वाट द्यावी, पायी चालणारा, सायकलवाला, लहान मूल, म्हातारं माणूस यांना जपावं, असं त्यात आहे. नीट पाहिलं तर हा कायदा ‘वाट घे’ म्हणत नाही, ‘वाट दे’ म्हणतो. पण आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त दंडाचा आकडा. 2019 च्या दुरुस्तीनं दंड वाढले, तेही गरजेचंच होतं. पण दंडाच्या भीतीनं माणूस पोलिसाकडं बघतो, समोरच्या माणसाकडं नाही.

8 ऑक्टोबर 2022 ची पहाट आठवा. आपल्याच नाशिक–औरंगाबाद रस्त्यावर, नाशिकच्या मिरची चौकात, खासगी बस आणि ट्रकची धडक झाली. बसनं पेट घेतला आणि किमान 12 माणसं गेली. त्या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं मेली. चूक कुणाची, ते न्यायालय ठरवील. मला वेगळाच प्रश्न पडतो. एका चुकीची किंमत इतके जीव, असा चौक मुळात असावाच का? स्वीडननं 1997 साली हेच धोरण ठरवलं. माणूस चुकणारच, म्हणून रस्ता असा बांधायचा की चुकीनं जीव जाऊ नये. हॉलंडच्या द्राख्तेन गावात हान्स मोंडरमन या अभियंत्यानं गजबजलेल्या चौकातले सिग्नलच काढले. वेग कमी झाला आणि लोक एकमेकांकडं बघून जाऊ लागले. महामार्गावर हे चालणार नाही, पण गावातल्या चौफुलीला त्यातून शिकण्यासारखं आहे.

मग आपण काय करावं? लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून घेतात, तशी वाट देण्याचीही परीक्षा घ्यावी. गावात शिरणाऱ्या रस्त्यावर वेग आपोआप कमी होईल अशी रचना करावी. आणि उसाचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लागलाच पाहिजे. अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मोटारसायकलवाल्याला भिंतीसारखी असते. पौषात त्र्यंबकेश्वरला पायी निघणाऱ्या दिंड्यांमागच्या माणसाच्या पाठीवरही तशी पट्टी हवी. याला फार खर्च येत नाही.

राहिली मदतीची भीती. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. 2019 मध्ये ते मोटार वाहन कायद्यात आलं. दवाखान्यात पोचवणाऱ्याला नावगाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. त्याला केंद्र सरकारचं बक्षीसही आहे, 2021 साली 5 हजार होतं, 2025 साली ते 25 हजार झालं. ही गोष्ट ग्रामसभेत वाचून दाखवावी. हे संरक्षण तेव्हा असतं आणि आमच्या त्या मोरीवर जमलेल्यांना ते ठाऊक असतं, तर तो दूधवाला इतका वेळ विव्हळत पडला नसता.

लहानपणी अब्बांबरोबर चालताना रस्त्यात काटा दिसला की ते थांबायचे, वाकून तो बाजूला टाकायचे. म्हणायचे, “वाटेतला त्रास दूर करणं हाही ईमानाचाच भाग आहे, बेटा.” तेव्हा मला तो फक्त काटा वाटायचा. मोरीवरच्या त्या संध्याकाळी कळलं, वाटेतला काटा मीच होतो.

आता मोरी आली की मी मोटारसायकल थांबवतो आणि हात करतो, आधी तुम्ही. समोरचा कधी हसतो, कधी न बघताच निघून जातो. पण चार-सहा जण तरी आता मला हात करून थांबतात.