हाताला काम शिकवलं, पण कोणासाठी?

(बोदवड येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



सध्या आपल्या पाड्यापाड्यांवर प्रशिक्षणाच्या याद्या बनताहेत. पोरींना शिलाई, पोरांना ड्रायव्हिंग नाहीतर वायरमनचं काम. पुष्कळ जण विचारतात, नाव द्यायचं का? मी म्हणते, द्या. शिकण्याला कधी नाही म्हणू नका. पण आधी थोडा इतिहास ऐका. आपल्या खानदेशातला ऐका आणि समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतलाही ऐका.

1818 मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला. आपले भिल्ल डोंगरात त्यांच्याशी लढत राहिले. नुसत्या बंदुकीनं जमेना, तेव्हा 1825 मध्ये त्यांनी भिल्ल एजन्सी काढल्या. शेतीला बसवण्यासाठी तगाई दिली, बी दिलं, बैल दिले. इथून जवळच धरणगावला औट्रम साहेबानं भिल्लांची पलटण उभी केली. तिथं कवायत शिकवली, शिस्त शिकवली. तेही एक प्रशिक्षणच होतं. पण शिकून धरायचं कोणाला? आपल्याच भाऊबंदांना. पुढे 1878 चा जंगल कायदा आला आणि आपलं जंगल राखीव होत गेलं. हाताला नवं काम मिळालं, पण पायाखालची जमीन सरकारची झाली.

आता आफ्रिकेतल्या केनियाचं सांगते. तिथंही राज्य इंग्रजांचंच होतं. किकुयू लोकांची चांगली जमीन गोऱ्या मळेवाल्यांना दिली. वरून झोपडीवर कर बसवला. कर भरायला रोख पैसा पाहिजे, म्हणून माणसानं मळ्यावर मजुरीला जायचं. 1924 मध्ये अमेरिकेतल्या फेल्प्स-स्टोक्स फंडाचं कमिशन तिकडे फिरलं. त्यांनी सांगितलं, आफ्रिकी पोरांना शेती, हातकाम, आरोग्य, घरकाम शिकवा. ऐकायला हे चांगलंच आहे. पण गोऱ्यांच्या पोरांच्या शाळा वेगळ्या, आणि त्यांचं शिक्षणही वेगळं.

किकुयू लोकांनी हे ओळखलं. सुतारकाम वाईट नाही, पण इंग्रजी आणि पुढचं शिक्षण दुसऱ्याच्याच हातात राहिलं, तर जमिनीचा अर्ज कोण लिहिणार? मिशनवाल्यांशी बिनसल्यावर त्यांनी वर्गणी काढून, अंगमेहनतीनं स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. 1939 मध्ये गिथुंगुरीला आपले शिक्षक तयार करायला कॉलेज काढलं. 1952 मध्ये सरकारनं आणीबाणी पुकारली आणि त्या शाळांना कुलपं ठोकली. पोरांच्या शाळेला सरकार का घाबरलं? कारण शाळा आणि जमिनीची लढाई एकाच घरात राहत होती.

दक्षिण आफ्रिकेत तर 1953 मध्ये बांटू शिक्षण कायदाच केला. काळ्या पोरांना गोऱ्यांच्या मजुरीपुरतंच शिकवायचं, असा त्याचा हिशेब. 16 जून 1976 ला सोवेटोची शाळकरी पोरं रस्त्यावर आली, कारण त्यांच्यावर आफ्रिकान्स भाषा लादली होती. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तरी ती पोरं मागं हटली नाहीत.

आपल्याकडे गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली. त्यात हातकाम होतं, पण ते फक्त गरिबाच्या पोराला नव्हतं, सगळ्यांच्या पोरांना होतं. हा फरक लक्षात ठेवा. त्यानंतर 1953-54 पासून आपल्या राज्यात आश्रमशाळा निघाल्या. काही शाळांच्या पाटीवर अजून ‘पोस्ट बेसिक’ लिहिलेलं असतं, ते त्या नई तालमीचंच नाव. मी आश्रमशाळेत शिकले. आमच्या कार्यानुभवाच्या तासाला तांदळातले खडे निवडायचे आणि साहेबांचं अंगण झाडायचं. सूत नाही, सुतारकाम नाही. पाटी राहिली, तालीम गेली.

चांगलंही घडलंय, ते पण सांगितलं पाहिजे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. पोरं गुरं घेऊन जिथं जात, तिथं शाळा जाई. आणि आपल्याच अक्राणी भागात नर्मदाकाठच्या गावांनी जीवनशाळा उभ्या केल्या. गाव धरणात बुडणार म्हणत होते, आणि लोक त्याच गावात पोरांना बाराखडी शिकवत होते, तीही आपल्या बोलीतून. किकुयूंनी केलं तेच आपल्या माणसांनी केलं.

म्हणून यादीत नाव देताना तीन गोष्टी विचारा. पहिली, हे काम शिकवायचं कोणी ठरवलं? गावाला विचारलं का? दुसरी, शिकून पोरगा गावात राहील, की सुरतेला, पुण्याला गेटवर उभा राहील? तो गेला तर प्लॉट कोण कसणार? आणि पडीक राहिलेल्या प्लॉटवर उद्या फॉरेस्टवाले खड्डे खोदून रोपं लावणार नाहीत कशावरून? तिसरी, हातकामाबरोबर कागद शिकवणार का?

कागदाचं मी मुद्दाम बोलते. आपल्या बापजाद्यांनी फॉरेस्टचा दंड भरला. पावती मिळाली, ती घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवली. आज तीच पावती जमीन आपण कसत होतो याचा पुरावा आहे. पण ती वाचायला किती घरांत माणूस आहे? काही ठिकाणी पावती उंदरानं खाल्ली, काही ठिकाणी चुलीत गेली.

तर माझी सूचना अशी आहे. प्रत्येक गावानं दोन जण द्यावेत, त्यात एक पोरगी पाहिजेच. त्यांनी सातबारा वाचायला शिकायचं, फेरफार समजून घ्यायचा, साखळीनं जमीन मोजायची, नकाशावर आपला नाला आणि बांध ओळखायचा. शिकले की बाकीच्यांना शिकवायचं. हे आपलं प्रशिक्षण. याला सर्टिफिकेट नाही, पण मोजणीच्या दिवशी साहेब पट्टी धरेल तेव्हा दुसरं टोक आपल्या पोरीच्या हातात असेल.

शिलाई शिका, वायरमन व्हा, गाडी चालवा. पण जमीन सोडून नाही. जिंदाबाद!