गोमंतकाचा कौल

आमचें चारठाणा गांव निजामाच्या राज्यांतलें. १९४८ सालीं तें राज्य संपलें, पुढें १९६० सालीं आम्ही महाराष्ट्रांत आलों. परंतु तुमची इच्छा काय, असें मतपेटी ठेवून कोणीं विचारलें नाहीं. गोमंतकीयांस तें विचारलें गेलें. महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें, यावर १६ जानेवारी १९६७ रोजीं तेथें मतदान झालें. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासनाची दोन पानें.

फुलाच्या बाजूस बहुजनसमाजाचे लाडके भाऊसाहेब बांदोडकर होते; शिवाय महाराष्ट्रांतून मोठमोठे पुढारी प्रचारास गेले. दोन पानांचा प्रचार जॅक सिक्वेरांच्या पक्षानें केलाच. पण उल्हास बुयांवांचीं कोंकणी गाणींही गांवोगांव पोहोंचलीं, आणि ‘राष्ट्रमत’ दैनिकानें तीच बाजू मराठींतूनच मांडली. पानांस १,७२,१९१ मतें पडलीं, फुलास १,३८,१७०.

जन्मभर मराठी शिकविलेल्या मला हा निकाल फार दिवस बोचत होता. आतां वाटतें, व्यासपीठावरील पाहुण्यापेक्षां अंगणांत येऊन बोलणारा शेजारी लोकांस अधिक आपला वाटला. यांत मराठीचा पराभव नव्हता. ज्यांस विचारलें गेलें, त्यांनीं विचार केला. आम्हांस तेवढी संधि मिळाली नाहीं, हें मात्र खरें.