ग्रासकटरचं ऑइल

बागेत गवत कापायचा तुमचा ग्रासकटर फोर-स्ट्रोक असेल, तर त्याच्या पोटात साधारण १०० मिलिलिटर ऑइल असतं, कटिंग चहाएवढं! बहुतेकांत ऑइल फिल्टरही नसतो, मळी आतच फिरत राहते. म्हणून नव्या मशीनचं ऑइल पहिल्या १० तासांनी बदला, पुढे दर ५० तासांनी.

आधी इंजिन दोन-चार मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होतं, गाळ सोबत घेऊन उतरतं. पेट्रोलचं झाकण घट्ट आहे ना, बघा आणि मशीन कलती करून काळं ऑइल डब्यात काढा. विहिरीच्या काठी ते मुळीच ओतू नका, ही कळकळीची विनंती. नवं भरताना मशीन सपाट जागी हवी. टू-स्ट्रोकवाल्यांनी मात्र ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं.