सुट्टी टाकून रेल्वे चालवणारी माणसं

आज एका रेल्वेबद्दल बोलू. छोटीशी आहे, पण वाफेवर चालते, आणि ती चालवणारे बहुतेक लोक पगार घेत नाहीत. इंजिनात कोळसा टाकणारा, शिट्टी वाजवणारा गार्ड, रुळांकडेचं गवत कापणारी बाई, यातले बरेच जण आपापली सुट्टी टाकून तिथे आलेले असतात.

ही आहे वेल्समधली टॅलिलिन रेल्वे. वेल्श लोक हे नाव जरा वेगळं उच्चारतात, पण आपण टॅलिलिनच म्हणू. समुद्राकाठच्या टाउइन गावातून ती डोंगरात चढते. लांबी सव्वासात मैल, म्हणजे साधारण १२ किलोमीटर. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फूट रुंदीचे, हिचे सव्वादोन. यावरून आकार डोळ्यांसमोर येईल.

ही रेल्वे १८६५ च्या सुमारास बांधली गेली, ती स्लेटच्या खाणीसाठी. स्लेट म्हणजे घरांच्या छपरांवर घालतात तो पाटीचा दगड. १९११ मध्ये हेन्री हेडन जोन्स नावाच्या स्थानिक खासदारांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतलं. १९४६ मध्ये खाण बंद पडली. मग रेल्वे कशाला ठेवायची? पण मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल, असं या गृहस्थांनी ठरवलेलं होतं. पदरचे पैसे घालून त्यांनी ती चालवली. १९५० च्या जुलैमध्ये ते गेले आणि सगळ्यांनी धरून चाललं की आता संपलं.

इथे टॉम रोल्ट नावाचा लेखक गोष्टीत येतो. ११ ऑक्टोबर १९५० ला बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात त्याने आणि त्याच्या मित्रांनी सभा बोलावली. प्रश्न साधा होता : ही रेल्वे आपण चालवायची का? हेडन जोन्स यांच्या पत्नीने आपले शेअर्स दिले आणि १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी हातात घेऊन चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे मानतात.

ऐकायला छान वाटतं ना? आता त्यांच्या हातात काय पडलं ते ऐका. चालणारं इंजिन एकच, 'डॉलगॉक', १८६६ चं. स्लीपर कुजलेले. काही ठिकाणी रूळ जागेवर होते ते केवळ आजूबाजूच्या गवतामुळे! शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं घेतली, तर त्यातलं एक सारखं रुळांवरून घसरायचं. रुळांमधलं अंतर थोडं जास्त होतं आणि त्या इंजिनाची चाकं अरुंद. दुसरं लीड्सच्या हन्स्लेट कारखान्याने फुकट दुरुस्त करून दिलं, कारण कारखान्याचे अध्यक्षच या संस्थेचे सभासद होते.

म्हणजे प्रेम भरपूर होतं. पण प्रेमाने गाडी सुटत नाही. आज मला नेमकं हेच सांगायचंय.

वाफेचं इंजिन बटण दाबून सुरू होत नाही. पहिल्या गाडीच्या कितीतरी तास आधी, पहाटे कुणीतरी येऊन जाळ करतं. आधी चिंध्या आणि लाकडं, मग कोळसा. बॉयलर हळूहळूच तापवावा लागतो, घाई केली तर धातूवर ताण येतो. त्या वेळात राख काढायची, तेल घालायचं, नटबोल्ट बघायचे. आणि दिवसभर एका काचेच्या नळीवर लक्ष ठेवायचं, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या. पाणी फायरबॉक्सच्या छताच्या खाली गेलं तर ते छत उघडं पडून लालभडक होतं. अशा वेळी शिसं भरलेला प्लग वितळतो, वाफ आत घुसते आणि धोका कळतो. पण ती वेळ येऊ न देणं हेच फायरमनचं काम.

मग हे काम कुणालाही देता येईल? नाही. नवा माणूस आधी इंजिन पुसायला शिकतो. पुसता पुसता कुठला पाइप कुठे जातो ते कळतं. मग फायरमन, आणि नंतर ड्रायव्हर. प्रत्येक पायरीला परीक्षा, आणि मध्ये काही वर्षं जातात. लाइन एकेरी आहे, म्हणून हातात टोकन नसेल तर ड्रायव्हर पुढच्या टप्प्यात गाडी नेऊ शकत नाही. 'अहो, मी तर फुकट काम करतोय' ही सबब इथे चालत नाही. डब्यात बसलेल्या लहान पोराला ड्रायव्हरला पगार मिळतो की नाही याने काय फरक पडतो?

गडसंवर्धनाच्या मोहिमेला गेला असाल तर पटेल. पहिल्या रविवारी पन्नास जण येतात. खरा प्रश्न असतो चाळिसाव्या रविवारी कोण येणार हा. आणि सगळ्यांना इंजिनच चालवायचं असतं! पण गटार साफ करणारा, हिशेब लिहिणारा, चहाचं दुकान सांभाळणारा नसेल तर इंजिन शेडमध्येच राहील. 'थॉमस द टँक इंजिन' लिहिणारे पाद्री ऑड्री सुरुवातीच्या वर्षांत इथे गार्ड म्हणून काम करून गेले. त्यांच्या गोष्टींतली 'स्कार्लोई रेल्वे' म्हणजे हीच.

बरं, माणसं फुकट, पण बाकी काहीच फुकट नाही. ब्रिटनमध्ये अशा इंजिनाचा बॉयलर साधारण दर दहा वर्षांनी पूर्ण उघडून तपासतात. त्यात वेल्समधली फॉस-य-फ्रान ही कोळशाची खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. अशा रेल्वेंना तिथला कोळसा मिळायचा. आता तो परदेशातून आणायचा, नाहीतर पर्यायी इंधन वापरून बघायचं. एकेकाळी कोळशासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या वेल्समध्ये!

२०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या स्लेट प्रदेशाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात टॅलिलिनही आहे. मान मोठा, पण पहाटे जाळ करायला युनेस्को येत नाही. इंजिनाचा सुटा भाग नवा बनवता येतो, बॉयलरही नवा करता येतो. पण जाळाच्या रंगावरून आता किती कोळसा घालायचा हे ओळखणारी नजर कारखान्यात बनत नाही. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, शेजारी उभं राहून. मधली एक पिढी आली नाही, तर रूळही राहतील, इंजिनही राहील, गाडी मात्र सुटणार नाही.

म्हणून तुमच्या गावात, तुमच्या ग्रुपमध्ये असं काही जपणारं कुणी असेल तर नुसता फोटो काढून निघू नका. त्यांना विचारा, 'मला शिकवाल का?' आणि पहिलं काम पुसायचं मिळालं तर नाराज होऊ नका. तिथूनच सुरुवात होते.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!